थर्ड वॉर्डातली बावीस घरं

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं ह्यूस्टन शहर मराठी वाचकाला अनोळखी नाही. नासाचं केंद्र तिथे आहे, तेलकंपन्यांची मोठमोठी कार्यालयं तिथे आहेत, प्रचंड वैद्यकीय संकुल तिथे आहे आणि या सगळ्यांत नोकरी करणारी मराठी कुटुंबं शुगरलँड, केटी अशा उपनगरांत चांगली रुजली आहेत. मुलांकडे महिना-दोन महिने राहायला गेलेले आईवडील स्पेस सेंटर बघतात, गॅल्व्हस्टनचा समुद्र बघतात, मीनाक्षी मंदिरात जाऊन येतात. होल्मन स्ट्रीटकडे मात्र त्यांची गाडी सहसा वळत नाही. शहरातल्या उंच इमारतींपासून अगदी जवळ, थर्ड वॉर्ड नावाच्या वस्तीत, या रस्त्यावर पांढऱ्या रंगाची बुटकी लाकडी घरं रांगेने उभी आहेत. काही घरांत समकालीन कलेची प्रदर्शनं भरतात. त्यांच्याच मागच्या रांगेत तरुण आया लेकरांना घेऊन राहतात. दोन्हींच्या मध्ये अंगण आहे. या संस्थेचं नाव प्रोजेक्ट रो हाउसेस. १९९३ साली सात कृष्णवर्णीय कलावंतांनी ती सुरू केली. तेव्हापासून चित्रकार, वास्तुरचनाकार, नगररचनेचे अभ्यासक असे कितीतरी लोक दूरदूरहून ती पाहायला येत आले आहेत. वस्तीत राहून, वस्तीसाठी चालवलेल्या कलाकेंद्राचं इतकं पूर्ण उदाहरण मला दुसरं माहीत नाही, म्हणून त्याची हकिगत सविस्तर सांगावीशी वाटते.

आधी घरांविषयी सांगायला हवं, कारण या गोष्टीत घरं फक्त जागा पुरवत नाहीत. रो हाउस म्हटल्यावर आपल्याकडच्या बिल्डरांच्या जाहिरातीतली दुमजली घरं डोळ्यांसमोर आणू नका. ही घरं ‘शॉटगन’ पद्धतीची आहेत. एकच मजला, वर दोन उतारांचं छप्पर, रस्त्याकडे तोंड करून छोटा ओटा. रुंदी जेमतेम एका खोलीची आणि खोल्या एकामागे एक. मधे बोळ नाही, त्यामुळे मागच्या खोलीत जायचं तर पुढच्या खोलीतूनच जावं लागतं. दारं एका रेषेत असल्याने पुढच्या दारातून झाडलेली गोळी सरळ मागच्या दारातून निघून जाईल, म्हणून हे नाव पडलं असं लोक सांगतात. घर विटांच्या छोट्या खांबांवर जमिनीपासून थोडं उचललेलं असतं, कारण ह्यूस्टनची जमीन सखल आणि पाणथळ. उन्हाळ्यात दोन्ही दारं उघडली की घरातून वारा वाहतो. अरुंद जागेत जास्तीत जास्त भाडेकरू बसवायचे, हा मालकांचा हिशेब अर्थातच त्यामागे होता. पण या घराची कूळकथा त्याहून जुनी आहे. पश्चिम आफ्रिकेतली घरबांधणी गुलामांबरोबर हैतीला आली, हैतीहून न्यू ऑर्लिन्सला पोचली आणि तिथून अमेरिकेच्या दक्षिणेत पसरली, असं जॉन मायकल व्लाख या अभ्यासकाने १९७०च्या दशकात मांडलं. ज्या घराला गरिबीची खूण म्हणून नाक मुरडलं जात होतं, त्याच्या पाठीशी एका समाजाचा समुद्रापारचा वारसा निघाला.

त्या घरांचा ओटा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. आतल्या खोल्या लहान आणि गरम, म्हणून माणसं संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत. शेजारच्या ओट्यावरचं बोलणं सहज ऐकू येई, रस्त्यावरून कोण गेलं ते सगळ्यांना दिसे. गिरणगावातल्या चाळीची सामाईक गॅलरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कुणाचं मूल कुणाच्याही नजरेखाली वाढत होतं. पुढे या कलाकेंद्राने जे जे केलं, त्याचं मूळ या ओट्यावरच्या शेजारात आहे.

थर्ड वॉर्ड हा ह्यूस्टनच्या जुन्या प्रभागांपैकी एक. राजकीय प्रभाग म्हणून तो कधीच संपला, नाव तेवढं राहिलं. १९ जून १८६५ रोजी जवळच्या गॅल्व्हस्टनमध्ये टेक्सासमधल्या गुलामांच्या मुक्ततेचा हुकूम वाचला गेला. हाच दिवस आज अमेरिकेत ‘जूनटीन्थ’ म्हणून राष्ट्रीय सुट्टीचा आहे. त्यानंतर सात वर्षांनी, १८७२ मध्ये, नुकत्याच मुक्त झालेल्या लोकांनी पैसे गोळा करून थर्ड वॉर्डात दहा एकर जमीन विकत घेतली. पुढाकार घेणाऱ्यांत जॅक येट्स हे पाद्री होते. जमीन कशासाठी? तर मुक्तिदिन साजरा करायला हक्काची जागा असावी म्हणून. ती बाग, इमॅन्सिपेशन पार्क, आजही आहे. काल-परवापर्यंत ज्यांच्या स्वतःच्या देहावर त्यांची मालकी नव्हती, त्या माणसांनी एकत्र येऊन घेतलेल्या पहिल्या गोष्टींपैकी एक म्हणजे उत्सवाची जागा, हे मला फार मोलाचं वाटतं. वस्तीला पोटाइतकीच आनंदाचीही गरज असते, ही समज इथे पहिल्यापासून होती.

विसाव्या शतकात वर्णभेदाच्या कायद्यांनी कृष्णवर्णीयांना शहराच्या ठरावीक भागांत कोंडलं. त्याच कोंडीमुळे डॉक्टर, वकील, शिक्षक, हमाल, मोलकरणी, वादक असे सगळे थर्ड वॉर्डात जवळजवळ राहत. डाउलिंग स्ट्रीट हा तिथला मुख्य रस्ता दुकानांनी आणि संगीताने गजबजलेला असे. होल्मन स्ट्रीटवरची ती शॉटगन घरं १९३०च्या दशकात भाड्याने द्यायला म्हणून बांधली गेली. १९६०च्या दशकात वर्णभेदाचे कायदे रद्द झाले, ज्यांना परवडत होतं ते चांगल्या भागांत राहायला गेले आणि मागे उरलेल्या वस्तीची दुकानं, शाळा, घरं हळूहळू खंगत गेली. न्यायाचा विजय झाला तरी वस्तीची माणसं पांगली, हा या इतिहासातला अवघड भाग आहे. १९९०च्या आसपास होल्मन स्ट्रीटवरच्या त्या घरांची दारं-खिडक्या गेल्या होत्या, आत अंमली पदार्थांचा धंदा चाले.

या घरांकडे निराळ्या डोळ्यांनी पाहणारा माणूस वस्तीतच होता. जॉन बिगर्स हे चित्रकार १९२४ साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मले, वडिलांनी बांधलेल्या शॉटगन घरात वाढले. १९४९ मध्ये ते ह्यूस्टनला आले आणि आज टेक्सास सदर्न युनिव्हर्सिटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात त्यांनी कलाविभाग उभा केला. हे विद्यापीठ थर्ड वॉर्डातच आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या इमारतीतल्या भिंतीवर एक भित्तिचित्र काढायचं, अशी प्रथा त्यांनी पाडली. १९५७ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते घाना, नायजेरिया वगैरे देशांत हिंडले. त्यानंतर आपल्या गल्लीतली घरं त्यांना वेगळीच दिसू लागली. त्यांच्या चित्रांत शॉटगन घरांची त्रिकोणी छपरं एकामागे एक इतकी दाटीने येतात की गोधडीच्या नक्षीसारखा त्यांचा पट तयार होतो. ओट्यांवर बायका उभ्या असतात, देवळाच्या खांबांसारख्या ताठ. कपडे धुण्याचा पत्रा, पाण्याचं भांडं अशा रोजच्या वस्तू त्या चित्रांत पूजेच्या सामानाच्या मानाने येतात. महापालिका ज्या घरांना धोकादायक ठरवत होती, ती बिगर्स यांनी आधीच पूज्य करून ठेवली होती.

रिक लोव हा तरुण चित्रकार १९८५ मध्ये ह्यूस्टनला आला. मूळचा अलाबामाच्या खेड्यातला, गरीब घरातला. पोलिसांचा अत्याचार, गरिबी, भूक असे विषय घेऊन तो मोठमोठी चित्रं करी, मोर्चांमध्ये ती उभी करी. थर्ड वॉर्डातल्या ‘शेप’ या सामाजिक केंद्रात स्वयंसेवक म्हणून तो जाई, बिगर्स यांच्याकडेही शिकला. १९९०च्या सुमारास शाळेतल्या मुलांची एक सहल त्याच्या स्टुडिओत आली. त्यांतला एक मुलगा त्याला म्हणाला, तुमच्या चित्रांत आमच्या वस्तीत जे चाललंय तेच दिसतं. पण ते आम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही कलावंत आहात, नवं घडवणारे आहात, तर मग एखादा उपायच का घडवत नाही? लोव ही गोष्ट पुढे कितीतरी भाषणांत आणि मुलाखतींत सांगत आला आहे. त्या प्रश्नानंतर स्टुडिओत बसून चित्र काढणं त्याला जमेना. सामाजिक आशयाची चित्रं काढणाऱ्या कुणालाही हा प्रश्न कधी ना कधी छळतोच, पण बहुतेक जण त्यावर आणखी एक चित्र काढतात. लोव थांबला, आणि त्या थांबण्याला खरं धैर्य लागतं.

त्याच सुमारास वस्तीतले कार्यकर्ते आणि शहरातले अधिकारी यांची एक बसफेरी निघाली. होल्मन स्ट्रीटवरची घरं दाखवून सांगण्यात आलं की वस्तीतली ही सर्वांत वाईट जागा, ही पाडायला हवीत. लोवला तिथे बिगर्स यांची चित्रं दिसली. जेम्स बेटिसन, बर्ट लाँग, जेसी लॉट, फ्लॉइड न्यूसम, बर्ट सॅम्पल्स आणि जॉर्ज स्मिथ हे सहा कलावंत त्याच्याबरोबर आले. दीड ब्लॉकवर पसरलेली बावीस घरं. या सात जणांनी तिथे झाडू, फावडी आणि करवती नेल्या.

पैशांची जुळवाजुळव कशी झाली ते बघण्यासारखं आहे. राष्ट्रीय कलानिधीने सुरुवातीला २५,००० डॉलर दिले. घरांच्या संख्येच्या मानाने ही रक्कम फारच तुटपुंजी होती. मग एकेक घर कुणीतरी दत्तक घ्यायचं अशी पद्धत निघाली. मेनिल कलेक्शन हे ह्यूस्टनमधलं श्रीमंत आणि नावाजलेलं खासगी कलासंग्रहालय. त्याच्या कर्मचाऱ्यांनी येऊन एक घर दुरुस्त केलं. तेलकंपन्यांचे कर्मचारी आले, चर्चची मंडळी आली, काही कुटुंबं आली. कुजलेल्या फळ्या निघाल्या, नव्या बसल्या, पांढरा रंग चढला. आतली कामं व्हायच्या आधीच कलावंतांनी घरांच्या दर्शनी बाजूंवर आपली कामं लावली, म्हणजे रस्त्यावरून गाडीतून जाणाऱ्याला कळावं की इथे काहीतरी सुरू झालंय. मला यात सगळ्यांत लक्षणीय वाटतं ते नेहमीचा क्रम उलटणं. एरवी कलासंग्रहालय आधी इमारत बांधतं, मग संग्रह लावतं आणि शेवटी ‘लोकांपर्यंत पोचण्यासाठी’ एखादा विभाग काढतं. इथे लोक आधी आले. घर दुरुस्त करायला आलेला शेजारीच पुढे त्या घरातल्या प्रदर्शनाचा पहिला प्रेक्षक झाला.

१९९४ मध्ये प्रदर्शनांची पहिली फेरी झाली. फेरी असाच शब्द तिथे रूढ आहे. वर्षातून साधारण दोन फेऱ्या. प्रत्येक फेरीत काही घरं कलावंतांना दिली जातात, एकाला एक घर, आणि काही महिने ते त्यांचं. घर जसं हवं तसं वापरायचं. भिंत रंगवा, कापा, आत मातीचा ढीग करा, आवाज भरा, वस्तीतल्या लोकांना बोलावून जेवू घाला. अट एकच, वस्तीशी संबंध ठेवून काम करायचं. एका कलावंताने वस्तीतल्या लोकांच्या हाती कॅमेरे दिले आणि त्यांनी आपल्याच जगण्याचे काढलेले फोटो घरात मांडले. व्हिटफिल्ड लोवेल याने १९९५ मध्ये एका घराच्या भिंतींच्या जुन्या फळ्यांवरच कोळशाने माणसं काढली. जुन्या फोटोंमधली अनाम कृष्णवर्णीय माणसं, रविवारच्या कपड्यांत, समोर बघणारी. ज्या खोलीत कधीकाळी अशीच माणसं राहून गेली त्या खोलीच्या लाकडातून ती उगवल्यासारखी दिसत. असं काम पांढऱ्या भिंतींच्या दालनात नेऊन टांगता येत नाही. ते त्या घराचंच असतं. २०१७ मधली सेहेचाळिसावी फेरी ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ चळवळीसाठी काम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीकलावंतांची होती.

प्रदर्शनं चालू होताच एक गोष्ट कलावंतांच्या लक्षात आली असावी, ती अशी की बावीसच्या बावीस घरांत कला भरली तर वस्ती तिथून बाहेरच राहील. उरलेल्या घरांचं काय करायचं, यावर वस्तीतल्या बायकांशी बोलणं झालं. लहान मूल पदरी असलेल्या, शिकण्याची इच्छा असलेल्या, डोक्यावर छप्पर नसलेल्या तरुण मुली वस्तीत बऱ्याच होत्या. १९९६ मध्ये मागच्या रांगेतली घरं त्यांच्यासाठी उघडली. एकट्या आईने मुलाला घेऊन एक-दोन वर्षं तिथे राहायचं, कॉलेजचं शिक्षण सुरू ठेवायचं; राहण्याचा भार संस्थेने उचलायचा, मुलं वाढवण्यात आणि घर चालवण्यात मार्गदर्शन द्यायचं. या घरांत राहून गेलेल्या असाटा रिचर्ड्स पुढे समाजशास्त्रात पीएच.डी. झाल्या, वस्तीत परतल्या, तिथेच संशोधनसंस्था काढली आणि शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणावर काम केलं. कलाकेंद्राने घडवलेल्या कामांची यादी कुणी करायला घेतली, तर लोवेलच्या कोळशाच्या चित्रांशेजारी मी या आयुष्याचाही उल्लेख करीन.

ही घरं कशी दिसतात याचीही काळजी घेतली गेली, हे मुद्दाम सांगायला हवं. गरजूंसाठी घर म्हटलं की कसंही चालतं, अशी वृत्ती सरकारी आणि धर्मादाय कामात सगळीकडे आढळते. राइस युनिव्हर्सिटीच्या वास्तुकला विभागातले विद्यार्थी नोन्या ग्रेनाडर आणि डॅनी सॅम्युएल्स या प्राध्यापकांबरोबर इथे काम करू लागले. कागदावर आराखडा काढून गुण मिळवायचे नाहीत, घर प्रत्यक्ष बांधून द्यायचं. शॉटगन घराची रुंदी, ओटा, उतरतं छप्पर, आरपार वारा हे सगळं जपून आजच्या गरजेची छोटी घरं त्यांनी रचली. त्यांतलं एक जेमतेम पाचशे चौरस फुटांचं. २००९ मध्ये वॉशिंग्टनला सौरऊर्जेवर चालणाऱ्या घरांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. राइसच्या मुलांनी तिथे नेलेलं घर थर्ड वॉर्डासाठीच आखलेलं होतं; स्पर्धा संपल्यावर ते परत आणून वस्तीतच बसवलं. २००३ मध्ये कमी भाड्याची घरं बांधण्यासाठी वेगळी संस्था निघाली. बावीस घरांपासून सुरू झालेला पसारा पुढे पाच ब्लॉक आणि एकोणचाळीस इमारतींपर्यंत वाढला.

मग ही कला झाली का? की समाजसेवा? हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला जातो. लोव योसेफ बॉइसचं नाव घेतो. या जर्मन कलावंताने मांडलं होतं की समाज हीच एक शिल्पकृती आहे आणि तिला आकार देणारा प्रत्येक माणूस कलावंत आहे. बॉइसची ही कल्पना युरोपात मुख्यतः व्याख्यानांत आणि कृतिप्रयोगांत राहिली. थर्ड वॉर्डात तिला नळ, गटार, भाडेपावती आणि पाळणाघर जोडलं गेलं. माझ्या मते प्रदर्शनाचं घर आणि आईचं घर वेगवेगळी तपासली तर दोन्ही अपुरी वाटतील. नुसतं प्रदर्शन तर शहरात इतरत्रही भरतं. नुसतं वसतिगृह तर चर्चही चालवतं. दोन्ही एका अंगणात आल्यामुळे कलावंताला सकाळी दार उघडताच शाळेत निघालेलं पोर दिसतं आणि त्या पोराला भिंतीवर चढलेलं काहीतरी विचित्र, न कळणारं, पुन्हा बघावंसं वाटणारं दिसतं. त्या मुलांच्या दृष्टीने समकालीन कला ही शेजारच्या घरात चालणारी गोष्ट होते. तिकीट काढून, इस्त्रीचे कपडे घालून, दबून बघायची नव्हे.

आपल्याकडे या वाटेवर चाललेल्या कलावंतांत मुंबईच्या नवजोत अल्ताफ यांचं नाव प्रथम घ्यावं लागेल. छत्तीसगडमधल्या कोंडागावला राहून शांतीबाई, राजकुमार कोर्राम, गेसूराम या आदिवासी कलावंतांबरोबर त्यांनी सार्वजनिक हातपंपांच्या जागा नव्याने रचल्या. घागर डोक्यावर घेण्याआधी टेकवायला योग्य उंचीचा कट्टा, सांडपाण्याला वाट, आणि त्यावर तिथल्याच लोकांच्या प्रतिमा. मुलांसाठी त्यांनी ‘पिल्ला गुडी’ (मुलांची मंदिरं) उभारल्या. पाणी भरणाऱ्या बाईच्या कमरेचा विचार करणारं शिल्प आणि थर्ड वॉर्डातलं आईचं घर एकाच घराण्यातली आहेत.

थर्ड वॉर्डातल्या कामाला संगीताचीही बाजू आहे. इमॅन्सिपेशन पार्कसमोरच्या कोपऱ्यावर एल्डोराडो बॉलरूम नावाची देखणी इमारत १९३९ मध्ये उभी राहिली. ॲना आणि क्लॅरेन्स डुप्री या कृष्णवर्णीय जोडप्याने ती उभारली. ॲना डुप्री सौंदर्यप्रसाधनाचा व्यवसाय करत. गोऱ्यांच्या नाचघरांत आपल्या लोकांना पाऊल ठेवता येत नाही, तर आपल्याकडे त्याहून चांगलं नाचघर हवं, ही त्यांची भूमिका. वरच्या मजल्यावर रे चार्ल्स, बी. बी. किंग असे मोठमोठे कलावंत वाजवून गेले, वस्तीतली पोरं तिथे ऐकत ऐकत वादक झाली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद पडलं. १९९९ मध्ये मालकाने इमारत प्रोजेक्ट रो हाउसेसला दान दिली. इमारत मिळणं आणि ती पुन्हा पूर्ण वापरात येणं यांत मात्र दोन तपं गेली. सुमारे सत्त्याण्णव लाख डॉलर खर्चून तिची पुनर्बांधणी झाली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा उघडली. बियॉन्से आणि सोलांज या प्रसिद्ध गायिका बहिणी याच वस्तीत वाढल्या. सोलांजने आपल्या एका संगीतमालिकेला एल्डोराडो बॉलरूमचंच नाव दिलं.

आता अवघड भागाकडे यायला हवं. २००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या प्रकल्पाची मोठी वाखाणणी केली, २०१४ मध्ये लोवला सहा लाख पंचवीस हजार डॉलरची मॅकार्थर फेलोशिप मिळाली. दरम्यान थर्ड वॉर्डाची जमीन महाग होत गेली. कारण सरळ आहे. उंच इमारतींचा मध्यभाग, दोन विद्यापीठं आणि वैद्यकीय संकुल यांच्यामध्ये सापडलेली ही जमीन. त्यात ह्यूस्टनमध्ये जमीनवापराचे विभाग ठरवणारा कायदाच नाही. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत ही गोष्ट विरळा. कुणीही जुनं घर विकत घेऊन पाडावं आणि तिथे तीनमजली महाग घरं उभी करावीत. शेजारच्या फोर्थ वॉर्डात मुक्त गुलामांनी वसवलेल्या फ्रीडमन्स टाउनची बहुतेक शॉटगन घरं अशीच नाहीशी झाली. वस्ती स्वच्छ झाली, नावाजली, की तिथे राहायला पैसेवाले येतात आणि ज्यांच्यासाठी ती स्वच्छ केली त्यांनाच भाडं परवडेनासं होतं. कलाकेंद्र त्याला नकळत हातभार लावतं. न्यूयॉर्कपासून बर्लिनपर्यंत हे घडलं आहे, आणि प्रोजेक्ट रो हाउसेस यातून सुटलं असं मी म्हणणार नाही.

पण त्यांनी हा धोका लवकर ओळखला आणि जमिनीच्या व्यवहारात हात घातला, ही त्यांची मोठी हुशारी. संस्थेने घरं भाड्याने वापरण्यावर समाधान न मानता ती विकत घेतली. कमी भाड्याच्या घरांची संस्था काढली. टेक्सासच्या विधिमंडळात तेव्हा या भागाचे प्रतिनिधी असलेले गार्नेट कोलमन यांनी शेजारच्या भागाच्या विकासनिधीतून थर्ड वॉर्डातल्या जमिनी विकत घ्यायला लावल्या, म्हणजे त्या बिल्डरांच्या हाती न जाता स्वस्त घरांसाठी राखल्या जाव्यात. विभागवारीचा कायदा नसलेल्या शहरात जमिनीच्या खरेदीखतातल्या अटी हेच काय ते हत्यार, तेच त्यांनी वापरलं. २०१७ मध्ये इमॅन्सिपेशन पार्कचं मोठं नूतनीकरण झालं आणि गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या अधिकाऱ्याचं नाव असलेला डाउलिंग स्ट्रीट त्याच वर्षी इमॅन्सिपेशन ॲव्हेन्यू झाला. बागेचं आणि रस्त्याचं भाग्य उजळलं. बागेभोवतालच्या जुन्या भाडेकरूंचं काय, हा झगडा अजून संपलेला नाही.

लोव या वर्षांत एक गोष्ट नियमाने करी. वस्तीतल्या झाडाखाली म्हातारी माणसं डॉमिनोचे डाव मांडून बसत, तिथे जाऊन खेळे. लाकडी टेबलावर ठिपक्यांच्या सोंगट्या सटासट आपटायच्या, गप्पा मारायच्या, ऐकायच्या. कोणाच्या घराचं भाडं वाढलं, कोणाचा मुलगा तुरुंगातून सुटला, महापालिकेने काय नोटीस लावली, हे सगळं त्या टेबलावर कळे. कचेरीत बसून सर्वेक्षण करणाऱ्याला जे सांगितलं जात नाही ते डाव मांडलेल्या माणसाला सहज सांगितलं जातं. पुढे डाव संपल्यावर टेबलावर सोंगट्यांची जी वळणं उरतात, त्यांचे नमुने लोव टिपू लागला आणि वीस-बावीस वर्षांनी तो पुन्हा चित्रांकडे वळला. त्या नमुन्यांवरून रचलेले त्याचे भलेमोठे कॅनव्हास गगोसियन या जगप्रसिद्ध गॅलरीत लागले. विमानातून पाहिलेल्या वस्तीच्या नकाशासारखी ती चित्रं दिसतात.

२०१८ मध्ये लोव प्रोजेक्ट रो हाउसेसमधून बाजूला झाला. संस्थापकाच्या सावलीत वाढलेल्या संस्था अशा वेळी डळमळतात. ही टिकली, याचं श्रेय मी तिच्या बांधणीला देईन. कलावंत दर फेरीला बदलतात, आया शिकून निघून जातात, विद्यार्थी पदवी घेऊन जातात, पण घरं, जमीन, भाडेकरार आणि शेजार संस्थेकडे राहतो. नव्या संचालकांनी फेऱ्या थांबू दिल्या नाहीत, एल्डोराडोचं रखडलेलं काम त्यांच्याच काळात पुरं झालं. वस्तीतला कुणी छोटा व्यवसाय सुरू करत असेल तर त्याला कमी भाड्यात जागा आणि सल्ला देण्याचं कामही आता तिथे चालतं. ह्यूस्टनला जाणं झालं, तर फेरी चालू असताना होल्मन स्ट्रीटला जावं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि एकेका घरात शिरून बाहेर येईपर्यंत ओट्यावर बसलेल्या कुणाशी तरी बोलणं होतंच.